गोल्फच्या मैदानात पंच नसतो
हौशी खेळाडूंसाठी शिष्टाचार, सुरक्षितता आणि बदललेल्या नियमांची ओळख

क्रिकेटच्या मैदानावर पंचाचे बोट वर गेले, की फलंदाजाला तंबूत परतावेच लागते. कबड्डी आणि कुस्तीतही पंचाचा शब्द अखेरचा असतो. गोल्फचे तसे नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये नियमांचा अर्थ सांगणारे अधिकारी उपस्थित असतात. परंतु रविवारी सकाळी चार स्नेही अठरा होल खेळण्यासाठी उतरतात, तेव्हा त्यांच्यासोबत कोणीही पंच नसतो. झुडपात गेलेला चेंडू क्लबच्या स्पर्शाने हलला का, वाळूतून बाहेर पडण्यास दोन फटके लागले की तीन, हे ज्याचे त्यानेच सांगायचे असते आणि इतरांनी ते मान्य करायचे असते.

याच कारणाने गोल्फमध्ये वर्तनाला मोठे महत्त्व आहे. पूर्वी नियमपुस्तिकेच्या आरंभी शिष्टाचाराचे स्वतंत्र प्रकरण असे. ‘आर अँड ए’ आणि अमेरिकेची ‘यूएसजीए’ या दोन नियामक संस्थांनी २०१९ मध्ये नियमांची नव्याने मांडणी केली, तेव्हा खेळाडूकडून अपेक्षित असलेले वर्तन थेट पहिल्याच नियमात समाविष्ट करण्यात आले. प्रामाणिकपणे खेळणे, इतरांच्या सुरक्षिततेची काळजी घेणे, विनाकारण वेळ न दवडणे आणि मैदानाची निगा राखणे, ही त्यातील प्रमुख सूत्रे होत. गंभीर गैरवर्तनाबद्दल खेळाडूला स्पर्धेतून बाद करण्याचा अधिकारही स्पर्धा समितीला आहे.

भारताला गोल्फ नवा नाही. कोलकात्याच्या रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबची स्थापना १८२९ मधील असून, ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा आहे. पुण्यात येरवड्याचे पूना क्लबचे मैदान खेळाडूंच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे. सिडकोने खारघरच्या डोंगरकुशीत मैदान उभारल्याने, जुन्या क्लबांचे सदस्यत्व नसलेल्यांनाही या खेळाचे दार किलकिले झाले. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे खेळला, तर त्याच स्पर्धेत अदिती अशोकचे पदक थोडक्यात हुकून ती चौथी आली. त्या पहाटे ज्यांनी कधी गोल्फ पाहिले नव्हते, तेही दूरचित्रवाणीसमोर बसले होते. नवे खेळाडू येत आहेत, ही आनंदाची बाब आहे. मात्र प्रशिक्षकाकडे गेलेला नवोदित प्रथम विचारतो तो ड्रायव्हरने लांब फटका कसा मारावा, हे. मैदानावर कसे वागावे, हा प्रश्न बहुधा पहिला अपघात किंवा पहिला वाद झाल्यानंतरच उपस्थित होतो.

‘फोर’ची हाक

गोल्फचा चेंडू दिसायला लहान असतो. नियमानुसार त्याचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. परंतु हा कठीण चेंडू ड्रायव्हरवर नीट बसला, तर हौशी खेळाडूच्या हातूनही तो ताशी २०० किलोमीटरचा वेग ओलांडतो. सप्टेंबर २०१८ मध्ये पॅरिसजवळ झालेल्या रायडर चषक स्पर्धेत ब्रूक्स कोप्का या नामवंत व्यावसायिक खेळाडूचा सहाव्या होलवरील पहिला फटका प्रेक्षकांत गेला आणि एका महिलेच्या डोळ्याची दृष्टी गेली. जगातील अव्वल खेळाडूच्या हातून असे घडू शकते, तर शिकाऊ खेळाडूने किती सावध असावे, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे या धोक्याच्या छायेत सर्वाधिक वेळ वावरतात ते कॅडी आणि माळी. चेंडू कोठे पडतो हे पाहण्यासाठी पुढे थांबलेला कॅडी, ग्रीनवर गवत कापणारा किंवा पाणी देणारा माळी यांची पाठ अनेकदा खेळाडूकडे असते. म्हणून पुढील दक्षता प्रत्येक फटक्यापूर्वी घ्यावयाची आहे.

पुढील गट आपल्या फटक्याच्या टप्प्याबाहेर जाईपर्यंत चेंडू मारू नये. ‘आपला फटका तितका लांब जात नाही’ हा समज घातक असतो. एरवी न बसणारा फटका नेमका त्याच वेळी बसतो. माळी काम करीत असल्यास त्याला हाक मारून सावध करावे आणि त्याने पाहिल्याची खूण केल्यावरच खेळावे. सरावाचा स्विंग करतानाही मागे व बाजूला कोणी नाही, याची खात्री करावी. दगड किंवा खडी उडण्याची शक्यता असेल तेथे हे अधिकच आवश्यक आहे. सोबत्याचा फटका सुरू असताना त्याच्या पुढे कधीही उभे राहू नये. त्याच्या दृष्टीस पडेल अशा जागी, बाजूला आणि स्तब्ध उभे राहणे सर्वांत सुरक्षित.

चेंडू भरकटून कोणाच्या दिशेने जाऊ लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता मोठ्याने ‘फोर’ अशी हाक द्यावी. संकोचामुळे ही हाक घशातच राहते आणि अपघात घडतो. आपल्या रोखाने हाक ऐकू आल्यास चेंडू कोठून येतो हे पाहण्यासाठी मान वर करू नये. पाठ वळवून, खाली वाकून, दोन्ही हातांनी डोके झाकावे. झाड किंवा बॅग जवळ असल्यास तिचा आडोसा घ्यावा.

देशातील काही सर्वसाधारण विमा कंपन्या गोल्फ खेळाडूंसाठी स्वतंत्र पॉलिसी देतात. खेळताना त्रयस्थ व्यक्तीला झालेल्या इजेची जबाबदारी तीत समाविष्ट असू शकते. ‘होल-इन-वन’ साधल्यानंतर द्याव्या लागणाऱ्या मेजवानीचा खर्च मिळतो म्हणून ही पॉलिसी विनोदाचा विषय होते; तिचा खरा उपयोग मात्र पहिल्या तरतुदीत आहे. पॉलिसी घेण्यापूर्वी कॅडीला झालेली इजा तीत धरली आहे का, हे तपासून घ्यावे.

वीज आणि पाऊस

महाराष्ट्रात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचे प्रमाण मोठे असते. मोकळे मैदान, एकाकी झाडे आणि हातात धातूची काठी, असा सारा धोका गोल्फ कोर्सवर एकवटलेला असतो. क्लबने भोंगा वाजवून तत्काळ खेळ थांबविण्याची सूचना दिल्यास उरलेला एक पटही मारण्यास परवानगी नाही. सूचना आली नसली तरी वीज पडण्याचा धोका आहे असे वाजवीपणे वाटल्यास खेळाडू स्वतःहून खेळ थांबवू शकतो. त्याबद्दल नियमानुसार दंड होत नाही. अशा वेळी झाडाखाली किंवा उघड्या छपरीत न थांबता पक्क्या इमारतीत अथवा बंद मोटारीत जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर किमान ३० मिनिटे बाहेर पडू नये. कॅडीलाही सोबत आत न्यावे. त्याला बॅगांची राखण करण्यासाठी बाहेर ठेवणे अक्षम्य आहे.

पावसाळ्यात वारंवार उपयोगी पडणारे काही नियम असे : चेंडू तात्पुरत्या साचलेल्या पाण्यात असेल किंवा पाय रोवण्याच्या जागी पाणी वर येत असेल, तर विनादंड सुटका मिळते. अडथळ्यापासून पूर्ण सुटका होणारा जवळात जवळचा बिंदू निश्चित करून, तेथून एका क्लबच्या लांबीत, होलच्या अधिक जवळ न जाता चेंडू टाकावा. चेंडू पूर्वीप्रमाणे खांद्याच्या नव्हे, तर गुडघ्याच्या उंचीवरून सोडावयाचा असतो. फेअरवेवर चेंडू उचलून, पुसून ठेवण्याची मुभा मात्र समितीने तसा स्थानिक नियम जाहीर केला असेल तरच असते.

आपल्या मैदानांवर प्राणी-पक्ष्यांचाही वावर असतो. थांबलेला चेंडू कावळ्याने किंवा कुत्र्याने पळविल्याचे नक्की ठाऊक असल्यास मूळ जागी दुसरा चेंडू विनादंड ठेवता येतो. केवळ चेंडू सापडत नाही म्हणून कावळ्यावर आळ घेता येत नाही. चेंडूजवळ विषारी साप किंवा मधमाश्यांचे पोळे असल्यास तेथून खेळण्याची सक्ती नाही. धोकादायक प्राण्यांसंबंधीच्या नियमाखाली सुटका घेण्याची तरतूद आहे.

वेळेचे भान

चार जणांच्या गटाने अठरा होल साधारणपणे चार ते साडेचार तासांत पूर्ण करावेत, अशी अपेक्षा असते. एक संथ गट मागील सर्व गटांचा दिवस बिघडवतो. खेळण्याची पाळी आल्यावर अडथळा नसेल, तर ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारस नियमांतच आहे. होलपासून दूर असलेल्याने आधी खेळावे, हा संकेत स्ट्रोक प्लेमध्ये बाजूला ठेवता येतो. जो तयार आहे त्याने सुरक्षितता पाहून आधी खेळावे, यालाच ‘रेडी गोल्फ’ म्हणतात.

हरवलेला चेंडू शोधण्याची मुदत २०१९ पासून पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली आहे. खेळाडू किंवा त्याचा कॅडी शोध सुरू करतो, तेव्हापासून ती मोजली जाते. चेंडू सापडणार नाही अशी शंका असेल, तर पुढे जाण्यापूर्वीच हंगामी चेंडू खेळून ठेवावा. मात्र तो हंगामी आहे, हे सोबत्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. न सांगता दुसरा चेंडू मारल्यास तोच खेळातला चेंडू ठरतो आणि पहिला जागेवर मिळाला तरी उपयोग होत नाही. हौशी खेळासाठी क्लबला आणखी एक पर्यायी स्थानिक नियम लागू करता येतो. त्यानुसार मागे न जाता, दोन दंड फटके घेऊन, चेंडू हरवलेल्या किंवा हद्दीबाहेर गेलेल्या जागेच्या आसपास फेअरवेच्या कडेपर्यंत चेंडू टाकता येतो. आपल्या क्लबने तो स्वीकारला आहे किंवा नाही, हे कार्डाच्या मागील बाजूस पाहावे.

होल संपताच ग्रीन सोडावे. आकडे लिहिण्याचे काम पुढच्या टीवर करावे. मागील गट वेगवान असेल आणि पुढे जागा मोकळी असेल, तर त्यांना हात दाखवून पुढे जाऊ द्यावे. त्यात कमीपणा नाही.

मैदानाची निगा

फटक्याने उखडलेला गवताचा तुकडा, म्हणजे डिव्हट, जागेवर बसवून पायाने दाबावा किंवा क्लबच्या पद्धतीप्रमाणे खड्डा वाळूने भरावा. बंकरमध्ये उतरताना कमी उंचीच्या बाजूने उतरावे आणि फटका झाल्यावर पावलांच्या खुणांसह वाळू सारखी करावी. कॅडी सोबत असला तरी हे काम झाले की नाही, हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूची राहते.

ग्रीनवर चेंडू आदळून पडलेला खळगा दुरुस्त करताना अनेक जण चूक करतात. काटा मातीत घालून खालची माती वर उचलली, तर मुळे तुटतात आणि तेवढा भाग करपतो. काटा खळग्याच्या कडेला घालून कडा मध्याकडे ढकलाव्यात आणि शेवटी पटरने हलकेच सपाट करावे. २०१९ पासून बुटांच्या खिळ्यांच्या खुणाही पट मारण्यापूर्वी दुरुस्त करता येतात. झेंडा होलमध्ये ठेवून पट मारला आणि चेंडू त्याला लागला, तरी आता दंड नाही. ग्रीनवर चेंडू चुकून हलल्यास तो विनादंड मूळ जागी ठेवावा. सोबत्याच्या चेंडूपासून होलपर्यंतच्या रेषेवर पाय देऊ नये, तसेच त्या रेषेवर आपली सावली पडणार नाही याची काळजी घ्यावी.

आपला दंड आपणच सांगावा

गोल्फच्या इतिहासात ज्यांचा आदराने उल्लेख होतो, त्या प्रसंगांत पराभवाचेही प्रसंग आहेत. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स यांचा रफमधील चेंडू फटक्याच्या तयारीत किंचित हलला. इतर कोणाला ते दिसले नाही. तरीही त्यांनी स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. निर्धारित फेऱ्यांअखेर त्यांची विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये जोन्स पराभूत झाले. तो एक फटका नसता, तर विजेतेपद त्यांचेच होते.

एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेतील हिल्टन हेड येथे ब्रायन डेव्हिस हा इंग्लिश खेळाडू जिम फ्युरिक यांच्याविरुद्ध प्लेऑफ खेळत होता. पाण्याच्या अडथळ्यातून फटका मारण्यासाठी क्लब मागे नेताना एका सुट्या काडीला तो लागल्याची शंका त्याला आली. त्याने स्वतःच अधिकाऱ्याला बोलावले. चित्रफितीत शंका खरी ठरली, दोन फटक्यांचा दंड झाला आणि पीजीए टूरवरील पहिल्या विजेतेपदाची संधी हातची गेली. २०१९ च्या बदलांनंतर अशा जागी सुटी काडी हलली म्हणून दंड होत नाही. नियम बदलला, पण डेव्हिस यांचे नाव त्या कृतीमुळेच लक्षात राहिले.

कार्डावरील निष्काळजीपणाही महागात पडतो. १९६८ च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाचे रॉबेर्तो दे विचेन्झो यांनी सतराव्या होलवर तीन फटके घेतले, परंतु सोबत्याने कार्डावर चार लिहिले आणि ते न तपासता दे विचेन्झो यांनी सही केली. ६५ ऐवजी ६६ ही धावसंख्या कायम राहिली आणि बॉब गोल्बी यांच्याविरुद्धचा प्लेऑफ हुकला. आजही नियम तोच आहे : प्रत्यक्षाहून अधिक आकड्यावर सही केल्यास तो आकडा कायम राहतो, कमी आकड्यावर सही केल्यास खेळाडू सहसा बाद होतो.

हौशी खेळात अधिक आढळतात त्या दोन सवलती. पहिला फटका बिघडला म्हणून दुसरा मारून घेणे, म्हणजे ‘मलिगन’, नियमांत कोठेही नाही. होलजवळचा चेंडू ‘गिमी’ म्हणून उचलणे केवळ मॅच प्लेमध्ये, तेही प्रतिस्पर्ध्याने पट बहाल केल्यासच, वैध ठरते. मित्रांच्या खेळात त्या घेतल्या तरी हरकत नाही. पण तो आकडा स्पर्धेच्या कार्डावर येता कामा नये.

हँडिकॅप : विश्वासावर उभा आकडा

वेगवेगळ्या दर्जाच्या खेळाडूंना बरोबरीने खेळता यावे, यासाठी हँडिकॅप असतो. जगातील निरनिराळ्या पद्धती एकत्र करून २०२० मध्ये जागतिक हँडिकॅप पद्धती अमलात आली. तीत खेळाडूच्या शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ फेऱ्यांच्या सरासरीवर इंडेक्स काढला जातो. प्रारंभी एकूण ५४ होलची कार्डे पुरेशी असतात आणि कमाल इंडेक्स ५४.० असतो.

मैदानागणिक काठिण्य बदलते. ते ‘कोर्स रेटिंग’ आणि ‘स्लोप’ या आकड्यांनी दर्शविले जाते. स्लोप ५५ ते १५५ असतो. ११३ हा प्रमाण आकडा. समजा, इंडेक्स १८.० आहे, स्लोप १२५, कोर्स रेटिंग ७१.२ आणि पार ७२ आहे. १८ ला १२५ ने गुणून ११३ ने भागल्यास १९.९ येतात, त्यातून रेटिंग आणि पार यांतील ०.८ चा फरक वजा केल्यावर त्या मैदानावरील हँडिकॅप १९ ठरतो. एका वाईट होलने इंडेक्स बिघडू नये म्हणून प्रत्येक होलला मर्यादाही आहे : पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारे फटके. पार चारच्या होलवर एक फटका मिळत असेल, तर नोंदीपुरते सातपेक्षा अधिक धरले जात नाहीत.

ही सारी गणिते खऱ्या आकड्यांवर अवलंबून आहेत. बक्षिसासाठी चांगली कार्डे दडवून हँडिकॅप फुगविणारा खेळाडू सोबत्यांची फसवणूक करतो. प्रतिष्ठेसाठी वाईट कार्डे दडविणारा स्वतःचीच. दोन्ही प्रकारांत क्लबमधील स्पर्धेला अर्थ उरत नाही.

नवोदितांनी कोठून आरंभ करावा

पूर्ण मैदानावर उतरण्याची घाई करू नये. प्रथम ड्रायव्हिंग रेंजवर प्रशिक्षकाकडून पकड, उभे राहण्याची पद्धत आणि खांद्यांची रेषा बसवून घ्यावी. वेज आणि सात नंबरचे आयर्न हाताला सरावले, की लांब क्लबकडे वळावे. पटिंग आणि ग्रीनलगतच्या छोट्या फटक्यांना सरावात निदान निम्मा वेळ द्यावा. बॅगेत १४ पर्यंत क्लब चालतात. आरंभी सात-आठ पुरेसे होतात. पहिली फेरी अनुभवी खेळाडूसोबत, गर्दी नसलेल्या वेळी आणि नऊ होलचीच करावी.

सुरुवातीस गुणांवर आधारित स्टेबलफोर्ड पद्धत सोयीची ठरते. हँडिकॅप धरून पारला दोन, बोगीला एक आणि बर्डीला तीन गुण मिळतात. गुण मिळण्याची शक्यता संपली की चेंडू उचलून पुढे जाता येते. त्याने नवोदिताचा संकोच आणि मागील गटाचा वेळ, दोन्ही वाचतात.

लक्षात ठेवा
– पुढील माणसे टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फटका नाही. चेंडू भरकटताच ‘फोर’.
– विजा चमकू लागताच कॅडीसह पक्क्या इमारतीत जावे.
– शोध तीन मिनिटे. शंका असल्यास हंगामी चेंडू सांगून खेळावा.
– डिव्हट, बंकर आणि ग्रीनवरील खळगा पूर्ववत करूनच पुढे जावे.
– सही करण्यापूर्वी प्रत्येक होलचा आकडा सोबत्याशी पडताळावा.
– माळी, कॅडी आणि मार्शल यांच्याशी आदराने बोलावे.

मैदानावरील कॅडी एखाद्या खेळाडूचे मोठेपण त्याच्या फटक्याच्या लांबीवरून ठरवीत नाहीत. तो चेंडू कोठे ठेवतो, आकडा कोणता सांगतो आणि समोर माणूस उभा असताना क्लब खाली घेतो की नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. नवोदित खेळाडूने या तीन गोष्टी आधी साधल्या, तर त्याला सोबत घेऊन खेळण्यास कोणीही नकार देणार नाही.